बांध नसलेलं शिवार: इंग्लंडमधलं लॅक्स्टन

ट्रेंटकाठचा

इंग्लंडच्या ग्रामीण भागातून गाडीनं जाताना कुंपणं संपता संपत नाहीत. छातीएवढ्या उंचीची काटेरी झुडपं, मैलोन् मैल. इथे आलो तेव्हा मला वाटायचं की हा देश हजार वर्षांपासून असाच असणार. मग एका रविवारी ऑलरटनहून न्यूअर्ककडे येताना आडवाटेला वळलो, लॅक्स्टन नावाचं लहानसं गाव ओलांडलं आणि पुढे कुंपणंच नव्हती. नुसतं उघडं शिवार. एका सलग उतारावर गव्हाचे लांबच लांब पट्टे, एक गडद हिरवा, शेजारचा फिका, त्याला लागून तिसरा. मध्ये बांध नाही, तार नाही, हद्दीचा दगड नाही. गाडी कडेला लावून मी बराच वेळ तिथे उभा राहिलो.

त्याला आता चार वर्षं झाली. नॉटिंगहॅमहून तासाभराच्या आत पोचता येतं, त्यामुळे सगळ्या ऋतूंत जाऊन आलोय. जे पाहिलं आणि वाचलं ते इथे मांडतो.

मध्य इंग्लंडच्या चिकणमातीच्या पट्ट्यातली बहुतेक गावं मध्ययुगात अशीच होती. गावाभोवती दोन किंवा तीन मोठी शिवारं असायची आणि प्रत्येक शिवारात प्रत्येक शेतकऱ्याचे अरुंद पट्टे विखुरलेले असायचे. लॅक्स्टनची तीन शिवारं आजही नावानिशी आहेत: वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड. मिल फील्डमध्ये जुन्या पवनचक्कीचा उंचवटा अजून दिसतो. एका शिवारात थंडीआधी पेरलेला गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पडीक. पुढच्या वर्षी फेरपालट. कुणाला मनात आलं म्हणून आपल्या पट्ट्यात वेगळं काही लावता येत नाही, सगळ्या शिवाराचा क्रम एकच.

मग बाकीच्या इंग्लंडमधलं हे सगळं गेलं कुठे? कायद्यानं गेलं. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटनं जमिनी बंदिस्त करण्याचे ५,२०० हून जास्त कायदे केले. त्यात सुमारे ६८ लाख एकर जमीन आली, म्हणजे इंग्लंडच्या पाचव्या हिश्शाहून थोडी जास्त. गावाची सामायिक शिवारं आणि चराऊ रानं मोजून वाटली गेली आणि ज्याच्या वाट्याला जे आलं ते त्यानं कुंपण घालून घ्यायचं, असा नियम झाला. ज्या कुंपणांना मी प्राचीन समजत होतो त्यातली या भागातली बरीचशी अठराव्या-एकोणिसाव्या शतकात लावलेली आहेत. जुन्या पट्ट्यांच्या खुणा मात्र कुरणांखाली राहिल्या. हिवाळ्यात सूर्य कलला की एखाद्या गवताळ रानावर समांतर लाटा उमटलेल्या दिसतात, एक उंच, एक खोल. शेकडो वर्षांच्या नांगरटीचे ते वरंबे आणि सऱ्या. पुढे तिथे गवत वाढू दिलं आणि नांगर परत लागला नाही, म्हणून त्या टिकल्या. त्या लाटा सरळही नसतात, उलट्या 'एस' अक्षरासारखी हलकी बाक असते. सहा-आठ बैलांची औत टोकाला वळवायची तर वळण आधीपासूनच घ्यावं लागतं. जमिनीला पडलेला तो बाक बैलांचा आहे.

लॅक्स्टनचं गावही शिवारासारखंच वाचता येतं. विटांची घरं आणि गोठे-कोठारं सगळी एकाच रस्त्यावर, कोठारांची आखूड बाजू रस्त्याकडे. ज्याची जमीन तीन दिशांना विखुरलेली आहे त्यानं गावातच राहायला हवं. जमीन एकत्र करून बंदिस्त झाली की शेतकरी मळ्यात राहायला जातो. इंग्लंडमध्ये एकाकी शेतघरं दिसतात ती बहुतेक अशी बाहेर पडलेली.

शिवारांच्या मधून, जिथे जमीन खोलगट आणि ओलसर आहे, तिथे न नांगरलेले गवताचे पट्टे जातात. त्यांना तिथे 'साइक' म्हणतात. औत वळवायला, गाडी न्यायला आणि चाऱ्याला ते उपयोगी. कित्येक शतकं नांगर न लागल्यामुळे उन्हाळ्यात तिथे जी रानफुलं येतात ती शेजारच्या शेतांत औषधालाही सापडणार नाहीत. आज त्या पट्ट्यांना निसर्गसंरक्षणाचा कायदेशीर दर्जा आहे. त्यांच्यावरच्या गवताचा दरवर्षी गावात लिलाव होतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. बांध नाहीत, तर हद्द कोण सांभाळतं?

नोव्हेंबरच्या अखेरीला गावाचे बारा पंच आणि त्यांचा एक म्होरक्या सकाळी 'डव्हकोट इन' या गावच्या पबपाशी जमतात आणि त्या वर्षी गहू पेरलेल्या शिवारात उतरतात. हातात लाकडी खुंट्या, हातोडा, फावडं. पट्ट्यामागून पट्टा बघत जातात. कुणी शेजाऱ्याच्या हद्दीत दोन तासं, म्हणजे नांगराच्या दोन रेघा, जास्त घेतली का, कुणी साइकचं गवत नांगरून आपल्यात ओढलं का, कुणाचा चर बुजला का. जिथे हद्द पुसट झालीय तिथे सगळ्यांदेखत मोजून खुंटी ठोकतात. दुपारी पबमध्ये जेवण आणि मग कुणाला किती दंड ते ठरतं. आठवड्याभरानं तिथेच गावाचं न्यायालय भरतं, त्याला 'कोर्ट लीट' म्हणतात. दंडाची नोंद होते आणि पुढच्या वर्षाचे पंच नेमले जातात. १९७७ साली एका कायद्यानं इंग्लंडमधल्या अशा जुन्या न्यायालयांचे अधिकार काढून घेतले. लॅक्स्टनचे राहू दिले.

गेल्या नोव्हेंबरात मी रजा काढून गेलो होतो. वाटेवर उभा राहून लांबून बघत होतो. पाऊस नुकता थांबलेला, बुटाला शेरभर चिखल. दोन पंच एका खुंटीवरून बराच वेळ बोलत होते. ज्याची हद्द होती तोही तिथेच उभा होता. मग एकानं खुंटी उपटून वीतभर पलीकडे ठोकली आणि सगळे पुढच्या पट्ट्याकडे गेले. आवाज चढला नाही.

मला तिथे रडू आलं, हे लिहायला हरकत नाही. मूळचा मी खटाव तालुक्यातला. आजोबांच्या वेळेपासून आमच्यात आणि चुलत घरात एका बांधावरून बोलणं नाही. दरवर्षी नांगरताना कुणी ना कुणी वीतभर बांध कोरला. त्याची मोजणी दोनदा झाली, कोर्टात तारखा पडल्या, दोन्ही घरची माणसं एकमेकांच्या लग्नाला गेली नाहीत. वीतभरच जमीन होती तीही. आमच्याकडे दरवर्षी बारा माणसं शिवारात एकत्र चालली असती तर, हा विचार त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही.

गावाचा १६३५ सालचा नकाशा आहे, ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात. मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदारानं चर्मपत्राच्या नऊ तुकड्यांवर काढलेला. प्रत्येक पट्टा त्यात आहे, दोन हजारांहून जास्त, आणि सोबतच्या वहीत कुठला पट्टा कुणाकडे तेही. कोपऱ्याकोपऱ्यांत नांगरणारी, कापणी करणारी, शिकार करणारी इवलीशी माणसं रंगवली आहेत. तो नकाशा आणि आजचं शिवार शेजारी ठेवलं तर पट्टे खूप कमी झालेत, आज दहाव्या हिश्शाहूनही कमी आहेत, पण शिवार ओळखू येतं. रस्ते तेच, साइक तेच.

पेरणी

फार सुंदर लिहिलंय, दादा. बांधाचं वाचून आमचंच घर आठवलं.

एक शंका. पट्टे विखुरलेले का ठेवायचे? एका शेतकऱ्याची सगळी जमीन एकत्र दिली असती तर त्याचाच वेळ वाचला असता.

ट्रेंटकाठचा

पेरणी, याचं एकच उत्तर नाही. जमीन सगळीकडे सारखी नसते. लॅक्स्टनची माती जड आणि चिकण आहे. उताराच्या माथ्यावर पाणी निचरतं, खाली साचून राहतं. प्रत्येकाला थोडी वरची, थोडी खालची, थोडी गावाजवळची, थोडी लांबची मिळाली की एका वाईट वर्षात कुणी पुरता बुडत नाही. दुसरं म्हणजे आठ बैल एकट्या माणसाकडे नसायचे. चारपाच घरांचे बैल मिळून एक औत व्हायची. आपल्याकडे सावड करतात तसं. दिवसभर नांगरून झालेला पट्टा एकाचा, दुसऱ्या दिवसाचा दुसऱ्याचा, अशा पाळीतूनच जमीन विखुरली असं काही अभ्यासक मानतात. वारसांत वाटण्या झाल्या तेही आहेच. मला पहिलं कारण जास्त पटतं, कारण ज्या गावात पाऊस आणि माती दोन्ही बेभरवशाची तिथली माणसं असाच विचार करतात.

सरीवरंबा

मी भूमापनाच्या कामात २६ वर्षं काढली आहेत, म्हणून या धाग्यात राहवत नाही.

आपल्या गावाकडची म्हातारी माणसं अजून 'फर्लांगभर अंतर' म्हणतात. हा शब्द याच शिवारांतून आला आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'तासाची लांबी', म्हणजे बैल दम न घेता एका दमात जेवढं लांब तास ओढतील तेवढं अंतर. ते पुढे २२० यार्ड असं पक्कं झालं. आणि एकर म्हणजे एका औतानं साधारण दिवसभरात नांगरायची जमीन: लांबी एक फर्लांग, रुंदी २२ यार्ड. एडमंड गंटर यानं १६२० च्या सुमारास ६६ फुटांची मोजणीची साखळी रूढ केली, ती त्या रुंदीएवढीच. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची का, याचं उत्तरही तिथेच आहे.

आता आपल्याकडे या. मुंबई इलाख्याची मोजणी झाली ती ३३ फुटांच्या साखळीनं, तिचे १६ आणे. ३३ गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, बरोबर ४३,५६० चौरस फूट. इंग्रजांच्या अर्ध्या साखळीचा चौरस म्हणजे आपला गुंठा. सातबाऱ्यावर आज हेक्टर-आर असतं, पण माणसं बोलतात ते एकर-गुंठ्यातच. म्हणजे ट्रेंटकाठच्यांच्या बांधाचं भांडण ज्या मापात झालं ते माप लॅक्स्टनसारख्या शिवारातल्या बैलांच्या चालीतून आलेलं आहे.

प्रत्यक्षातले पट्टे मात्र अगदी एकराचे क्वचितच असत. बहुतेक लहान, जमिनीच्या उतारावर अवलंबून. माप नंतर पक्कं झालं, पट्टे आधीचे.

मृण्मयी_ल

बापरे, फर्लांग! हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. लेख आणि प्रतिसाद दोन्ही आवडले.

घाटमाथा

१६३५ चा नकाशा कुणी करवून घेतला? एवढा खर्च कोण करेल, एका खेड्यासाठी?

ट्रेंटकाठचा

त्या वेळचा जमीनमालक, सर विल्यम कोर्टेन. लंडनचा व्यापारी. नुकतं विकत घेतलेलं गाव आपल्याला नेमकं काय काय देतं ते त्याला कागदावर हवं होतं.

जुनेदप्तर

थांबा, थांबा. सर विल्यम कोर्टेन?

हे नाव मला पश्चिम किनाऱ्याच्या इतिहासातून माहीत आहे. फ्लँडर्समधून धर्मच्छळामुळे पळून आलेल्या कुटुंबातला मुलगा, रेशीम आणि कापडाच्या व्यापारात गब्बर झाला, इंग्लंडच्या दोन राजांना त्यानं कर्ज दिलं. १६२७ साली बार्बाडोस बेटावर इंग्रजांची वसाहत झाली ती त्याच्या पैशानं. आणि डिसेंबर १६३५ मध्ये पहिल्या चार्ल्स राजानं ईस्ट इंडिया कंपनीला डावलून पूर्वेकडे व्यापार करायचा परवाना दिला तो कोर्टेनच्या मंडळीला. म्हणजे ज्या वर्षी पिअर्स लॅक्स्टनच्या चिखलात साखळी ओढत होता त्याच वर्षी.

एप्रिल १६३६ मध्ये त्याची जहाजं निघाली, कप्तान जॉन वेडेल. पीटर मंडी हा प्रवासी त्यांच्यासोबत होता आणि त्यानं सगळं लिहून ठेवलं. ऑक्टोबरात ती गोव्याला पोचली. पोर्तुगीजांशी इंग्रजांचा तह नुकताच, १६३५ च्या सुरुवातीला झालेला, त्याचा फायदा घ्यायचा होता. पोर्तुगीजांनी त्यांना फार काही करू दिलं नाही. मग ती जहाजं १६३७ मध्ये भटकळला गेली, तिथे इक्केरीच्या नायकाकडून परवानगी मिळवली, आणि पुढे थेट मकाव गाठलं. नंतर कारवारला त्यांची वखार झाली. आपल्या बाजूनं काळ बघा: १६३६ हे माहुलीचं वर्ष. निजामशाही तिथे संपली आणि शहाजीराजे आदिलशाहीत गेले. कोर्टेनची जहाजं गोव्याच्या नदीमुखाशी उभी होती तेव्हा सह्याद्रीच्या माथ्यावर हे चाललं होतं.

स्वतः कोर्टेन जहाजं गोव्याला पोचण्याआधीच, १६३६ मध्येच वारला. पुढे सगळा व्यवहार बुडीत निघाला आणि त्याच्या वारसांवर कर्जाचा डोंगर राहिला.

मी या माणसाचा व्यापार वाचला होता, पण त्याच्या मालकीचं एक गाव होतं आणि ते अजून त्याच्या नकाशाप्रमाणे नांगरलं जातं हे मला आज कळलं. ट्रेंटकाठचा, तुमचे आभार कसे मानू?

ट्रेंटकाठचा

आभार मीच मानतो. नकाशा बघायला ऑक्सफर्डला जायचं ठरवत होतो, आता नक्की जाणार. कोर्टेननंतर गाव पिअरपाँट घराण्याकडे गेलं, तेच पुढे अर्ल मॅन्व्हर्स झाले. म्हणजे कर्जापायी सुटलं असणार, तुमच्या प्रतिसादावरून आता जुळतंय.

स्वाती_नक्षत्र

सगळे भारावून गेलेत, म्हणून जरा दुसरी बाजू मांडते. रागावू नका.

ही सामायिक शिवारं म्हणजे समतेचं राज्य नव्हतं. जमीन लॉर्डची, म्हणजे जमीनदाराची, न्यायालय लॉर्डचं, कारभारी लॉर्डनं नेमलेला. मध्ययुगात तर शेतकऱ्याला लॉर्डच्या जमिनीवर वेठीनं राबावं लागायचं. ज्याच्याकडे पट्टा किंवा चराईचा हक्क नव्हता त्याला या व्यवस्थेत जागा नव्हती. आणि दर तिसऱ्या वर्षी जमीन पडीक ठेवायची म्हणजे एक तृतीयांश उत्पन्न गेलं. बंदिस्त जमिनींवर क्लोव्हर आणि सलगम घेऊन पडीक वर्ष टाळता आलं, गुरं वाढली, खत वाढलं, धान्य वाढलं. इंग्लंडची शहरं त्या धान्यावर जगली. माझे पणजोबा दुसऱ्याच्या जमिनीवर राबले. त्यामुळे 'गावकी एकत्र चालायची' असं कुणी म्हटलं की मी आधी विचारते, चालणाऱ्यांत कोण नव्हतं?

ट्रेंटकाठचा

रागावण्यासारखं यात काहीच नाही. तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि तो मी लेखातच विचारायला हवा होता.

लॅक्स्टनला गावाच्या उत्तरेला नॉर्मन काळातल्या किल्ल्याची टेकडी आहे. आता फक्त मातीचे उंचवटे आणि खंदक, पण नॉटिंगहॅमशायर-डर्बीशायरच्या राजाच्या जंगलांचा कारभार तिथून चालायचा. शेरवूडच्या जंगलात कुणी हरीण मारलं तर त्याला जबाब द्यायला लागायचा तो या किल्ल्यातल्या कारभाऱ्यांपुढे. त्या टेकडीवर उभं राहिलं की खाली चर्च, मग गाव, मग शिवारं, अशी उतरंड दिसते. सत्ता कुठून कुठे वाहत होती ते वेगळं सांगावं लागत नाही.

पडीक वर्षाचंही मान्य. पण एक जोडतो. जमीन बंदिस्त झाली तेव्हा कागदावर लहान माणसालाही वाटा मिळाला, पण मोजणीचा आणि वकिलाचा खर्च, वर कुंपण घालायचा खर्च त्यालाच. चराऊ रान गेलं, म्हणजे त्याची एखादी गाय, चार मेंढ्या, सरपण गेलं. कितीतरी जणांना तो तुकडा विकावा लागला आणि ते मजूर झाले किंवा शहरात गेले. ज्याच्याकडे पट्टाही नव्हता, फक्त रिवाजानं गाय चारायची सवलत होती, त्याला तर काहीच मिळालं नाही. धान्य वाढलं हे खरं, त्याची किंमत कुणी दिली तेही खरं. तुमच्या पणजोबांसारखी माणसं दोन्ही व्यवस्थांत कडेलाच राहिली.

स्वाती_नक्षत्र

हो, हे पटलं. शेवटचं वाक्य विशेष.

घाटमाथा

मग लॅक्स्टनच का वाचलं? मालकाला कधी वाटलं नाही बंदिस्त करावं?

ट्रेंटकाठचा

वाटलं की. कडेकडेची बरीच जमीन बंदिस्त झालीही. आज उघडं शिवार उरलंय ते सुमारे पाचशे एकर. पूर्ण झालं नाही याचं एक कारण म्हणजे मालकी दोन मोठ्या घराण्यांत वाटलेली होती, एकीकडे मॅन्व्हर्स, दुसरीकडे अर्ल ऑफ स्कार्बरो. त्यांचं एकमत लवकर होईना. एकोणिसाव्या शतकात मामला सुटला तोवर अमेरिकेतला स्वस्त गहू आला, धान्याचे भाव पडले आणि या जड चिकण जमिनीला कुंपणं घालण्यात पैसा ओतणं परवडेना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅन्व्हर्सनं पट्टे एकत्र करून मोठे केले, पण शिवार मोडलं नाही.

१९५२ मध्ये अर्ल मॅन्व्हर्सनं गाव सरकारच्या कृषी मंत्रालयाला विकलं, ही पद्धत टिकेल या आशेनं. १९८१ मध्ये ते क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजाच्या नावावरच्या जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेलं. २०१८ मध्ये क्राउन इस्टेटनं विकायचं जाहीर केलं तेव्हा गावात फार काळजी होती. २०२० मध्ये ते थोर्सबी इस्टेटनं घेतलं, म्हणजे मॅन्व्हर्सांचीच जुनी इस्टेट. अडुसष्ट वर्षांनी गाव त्याच घराकडे परत आलं.

पण मालक कुणीही असो, खुंट्या ठोकणारे तिथलेच शेतकरी होते. मंत्रालयाच्या काळातही आणि आताही. कुणी अधिकारी येऊन हद्द आखून गेला असं कधी झालं नाही. मला वाटतं, शिवार टिकलं ते यामुळे.

फोंडेकार

आमच्या गोव्यातली गांवकारी आठवली. पोर्तुगीज तिला कोमुनिदाद म्हणायचे. गावची भातशेती गावच्या मालकीची, तिचा ठरावीक मुदतीनं लिलाव, त्या पैशांतून खाजन जमिनीचे, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांचे बांध, देऊळ, पाण्याची व्यवस्था, आणि उरलं ते गांवकारांना, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांना, जोण (वाटा) म्हणून. खाऱ्या पाण्याचा बांध फुटला तर रात्री-अपरात्री सगळा गाव धावायचा, कारण एकाच्या शेतात खारं पाणी शिरलं की सगळ्यांची शेतं जायची. आता कित्येक ठिकाणी बांध फुटलेत आणि तिथे कांदळवन उगवलंय. स्वाती यांचा प्रश्न आमच्याकडेही लागू: गांवकार तेवढे आत, बाकीचे बाहेर. तरी बांध फुटल्यावर जे गेलं ते सगळ्यांचंच गेलं.

साइकच्या गवताचा लिलाव वाचून एकदम ओळखीचं वाटलं.

नीरेकाठी

मी बारामतीजवळ शेती करतो. प्रश्न व्यवहाराचे आहेत.

१) अरुंद पट्ट्यात हार्वेस्टर कसा चालवतात?
२) बांध नाही तर एकाची फवारणी दुसऱ्याच्या पिकावर जात नाही का?
३) पडीक वर्ष अजून पाळतात? मला तर एक हंगाम सोडणंही परवडत नाही.

ट्रेंटकाठचा

१) पट्टे आता पूर्वीइतके अरुंद नाहीत. विसाव्या शतकात एकत्र केले त्याचं कारणच ट्रॅक्टरसारखी यंत्रं. लांबी भरपूर असल्यामुळे यंत्राला सरळ धाव मिळते.
२) शेजारी तेच पीक असतं, गहू तर गहू. त्यामुळे फवारणीच्या वेळाही जवळजवळ सारख्या.
३) क्रम पाळतातच, पण पडीकाच्या वर्षी आता चाऱ्याचं पीक घेता येतं. शिवाय कुणाचंच घर फक्त या पट्ट्यांवर चालत नाही, प्रत्येकाकडे बंदिस्त जमीनही आहे, गुरं आहेत. हे सांगणं गरजेचं आहे, नाहीतर चित्र खोटं होईल. उघडं शिवार त्यांना आर्थिक फायदा देतं असं नाही. वर पंच म्हणून दिवस द्यावे लागतात. तरी देतात.

नीरेकाठी

उत्तर प्रामाणिक दिलंत, आभारी आहे. आमच्याकडे १९४७ चा तुकडेबंदी-तुकडेजोड कायदा आहे, पण दोन भावांची मनं जुळली नाहीत तर कागदावर जोडलेल्या जमिनीचं काय होतं ते मी बघितलंय. माझ्या शेजाऱ्याला हा धागा वाचून दाखवणार आहे. उसाच्या बांधावरून आमचंही थोडं चालू आहे.

मृण्मयी_ल

आम्ही लेस्टरला असतो. मुलांना घेऊन जाता येईल का? काय काय बघावं?

ट्रेंटकाठचा

नक्की जा. डव्हकोट इनच्या आवारात माहिती केंद्र आहे, तिथे गाडी लावून चालायला सुरुवात करा. शिवारांतून सार्वजनिक पायवाटा आहेत, फक्त पिकात शिरायचं नाही. गावात जुना कोंडवाडा दिसेल. मोकाट गुरं त्यात घालायला गावाचा एक माणूस नेमलेला असे. सेंट मायकेल चर्चमध्ये एव्हरिंगहॅम घराण्याच्या दगडी मूर्ती आहेत आणि एका स्त्रीची ओक लाकडात कोरलेली मध्ययुगीन मूर्ती आहे, ती चुकवू नका. लाकडी मूर्ती इतकी शतकं टिकणं फार दुर्मीळ. मुलांना किल्ल्याची टेकडी आवडेल, खंदकात धावायला भरपूर जागा.

जूनमध्ये गेलात तर साइकची फुलं, नोव्हेंबरात गेलात तर पंच. दोन्ही वेळा गमबूट घ्या. ती चिकणमाती साध्या बुटांना सोडत नाही.

जुनेदप्तर

नोव्हेंबरात मी लंडनला मुलीकडे असेन. पंचांचा दिवस नेमका कधी? आणि तुम्ही जाणार असाल तर सोबत येऊ का? कोर्टेनचं गाव एकदा डोळ्यांनी बघायचं आहे.

ट्रेंटकाठचा

शक्यतो महिन्यातल्या शेवटच्या गुरुवारी असतो, पण निघण्याआधी खात्री करून घेऊ. तुम्ही लंडनहून गाडीनं न्यूअर्कला उतरा, मी स्टेशनवर घ्यायला येतो. यंदा भाऊही येतोय साताऱ्याहून. त्याला हा धागा पाठवला होता. त्यानं विचारलं, चुलत्यांच्या थोरल्यालाही पाठवू का? मी म्हटलं, पाठव.